मामांनी बसवलेलं टोक

सात रस्त्याजवळच्या संस्थेचं नेटवर्क भीमाशंकर सांभाळायचा, आणि ज्या दिवशी ते खरं लागणार होतं त्याच्या आदल्या दुपारी त्यानंच त्याची राखण काढून टाकली. झालं असं, की तळघरातल्या हॉलसाठी त्यानं एक छोटा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबली जोडायचा डबा, जोडला. मुख्य स्विचला तो परका वाटला, त्यानं ते जोडणीचं भोक, पोर्टच, बंद केलं. चालू केलं, पुन्हा बंद. केबल फिरून त्याच जागी आली तर माहिती आतल्या आत गरगरत राहते नि सगळं नेटवर्क अडकतं. ते टाळायलाच स्पॅनिंग ट्री नावाची ही राखण. नव्या स्विचपुरती ती नीट बसवायला जरा डोकं लावावं लागलं असतं. भीमाशंकरनं चहा मागवला नि राखणच सगळीकडं बंद केली.

कार्यक्रम होता शिपाई धोंडीराममामांच्या निरोपाचा. मामा मूळचे मोडनिंबचे, उमेदीत गिरणीत मागावर. गिरणी बंद पडली तसे इथं आले. भीमाशंकरच्या आईचा, गौरम्माचा फोन आला की आधी मामाच घ्यायचे. तिची कानडी मामांना येत होती ‘ऊटा आयता’ एवढीच, जेवण झालं का; तेवढ्यावर भरपूर गप्पा मारायचे.

त्यांचा मुलगा अजिनाथ कुवेतला. बापाच्या डोक्यावरचा फेटा तिथूनच व्हिडिओ कॉलवर बघायला त्यानं साहेबाच्या हातापाया पडून सुट्टी काढलेली. तळघरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून सगळी भिस्त भीमाशंकरवर.

आपल्याच सत्काराच्या खुर्च्या मामांनी आपणच मांडल्या. टेबलाखाली छोट्या स्विचमधून निघालेली एक केबल लोळत होती. मागावर सुटलेलं टोक दिसलं की हात आपसूक जायचा, तसाच गेला. त्याच स्विचमध्ये शेजारी भोक रिकामं होतं. मामांनी टोक त्यात बसवलं.

इकडं फेटा बांधायला घेतला नि पडद्यावरचा अजिनाथ तोंड उघडं ठेवून थिजला. भीमाशंकर जिन्यात उभा राहून इंटरनेट कंपनीच्या पोरीला फोनवर झापत बसला. परत येऊन बघतो तर स्विचचे सगळे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकतायत. केबल उपसली तोवर शाल झाली होती, नारळ झाला होता, मामांचं भाषणही.

“कोण शहाण्यानं लावली ही?”

“म्याच की,” मामा म्हणाले. “लोळत हुती. चुकलं व्हय?”

“तुमचं नाही मामा, माझं. मी राखण काढली होती.”

मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “लई गुणाचा हायस. मला वाईट वाटू नये म्हणून बोलतोस.”

त्यानं चारचौघांत पुन्हा सांगितलं. मामा नुसते हसले, नि घरी जाईपर्यंत आपल्याच हाताकडं बघत राहिले.

राखण त्यानं त्याच संध्याकाळी नीट लावली. मामांना शब्द दिला होता, की फेटा आपल्याकडं ठेवून घ्यायचा, घरी येऊन तो पुन्हा बांधायचा नि अजिनाथला दाखवायचं. मागल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, “पोरगं इचारतंय, कवा येतोस?” भीमाशंकर म्हणाला, या रविवारी नक्की. रविवार गेला. फेटा अजून त्याच्याच कपाटात आहे.