मी निवडलेले दोन रेकॉर्डर

तिचा रेकॉर्डर मीच निवडला होता आणि मुद्दाम वाईट निवडला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा उगाच चांगला समज व्हायला नको.

माणिकपूरच्या एका शाळेत आम्ही दोघी शिक्षिका. मी भूगोल शिकवायचे, ती मराठी. मी इथलीच, कळंबच्या अलीकडच्या एका वाडीत वाढलेली. ती देशावरची, लग्न होऊन नायगावच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेली. आमच्याकडच्या बायका लग्नात जी गाणी म्हणतात ती टेप करायचा नाद मला ती शाळेत यायच्या कितीतरी आधीपासून होता. माझ्याकडे एक जाडजूड कॅसेट रेकॉर्डर होता. गाण्यापेक्षा त्याच्या मोटारीची घरघरच जास्त ऐकू यायची आणि खारट हवेनं दोन वर्षांत कॅसेटवर बुरशी धरायची. तरी कपाटाचा एक खण त्या कॅसेटींनी भरला होता आणि त्या खणाचा मला फार अभिमान होता.

एकदा मधल्या सुट्टीत मी त्यातली एक कॅसेट स्टाफरूममध्ये लावली. सगळ्या आपापल्या डब्यात गुंग होत्या. हिनं मात्र घास हातात तसाच धरून गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मला इतकं बरं वाटलं की पुढच्या लग्नाला मी तिला हौसेनं बरोबर घेऊन गेले. ती माझी चूक झाली.

तासाभरात बाईसाहेब आमच्या बायकांच्या घोळक्यात अशा मिसळल्या, जणू त्यांचं माहेरच तिथं. कुणी तिच्या केसांत फुलं माळली, कुणी जात्याला हात लावायला बोलावलं. एका काकीनं तर तिला, मी कधी न ऐकलेलं, एक गाणं म्हणून दाखवलं. मला एवढ्या वर्षांत त्या काकीकडून मिळालेलं वाक्य एकच होतं, "बाय, तुझं मशीन बंद कर नि जेवून घे." मी वरून हसत होते, पण पोटात दुखत होतं. पुढे ती माझ्याशिवायही लग्नांना जाऊ लागली. सोमवारी शाळेत येऊन मला उत्साहानं सांगायची, आणि मी वह्या तपासत "हो का, हो का" करायचे. एका वहीत मी बरोबर उत्तरावर काट मारल्याचं मला आजही आठवतं.

पण माझी मावशी अजून तिच्या हाती लागली नव्हती. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या सकाळी बायका जात्यावर हळद दळायला बसतात, तेव्हाचं एक लांबलचक गाणं आहे. ते अख्खं येणारी मावशी एकटीच उरली होती. त्यात घरातल्या एकेका बाईला नात्यानं हाक मारायची, तिनं ओळ झेलायची आणि उरलेली अर्धी ओळ पुरी करायची. मगच गाणं पुढच्या बाईकडे जातं. आणि मांडव घातल्याशिवाय ते म्हणायचं नाही, असा दंडक. मी किती वेळा विनवलं असेल! "मांडव नाय, हळद नाय, आनि गानं कसलं म्हनायचं? काय अभद्र व्हायला पायजे काय?" म्हणून ती मला उडवून लावायची. मावशीची छाती आता भरून यायची, चार पावलांत दम लागायचा. तिच्या धाकट्या नातवाचं लग्न ठरलं, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की हे गाणं मिळेल तर याच लग्नात, आणि ते मलाच मिळालं पाहिजे.

त्या सुमारास डिजिटल रेकॉर्डर निघाले होते. कॅसेट नाही, मोटार नाही, आवाज सरळ एका कार्डावर. इथल्या दुकानांत विचारलं तर लोक मोबाइल दाखवायचे. आमच्या मराठीच्या बाईचा दीर जहाजावर होता, तो बाहेरून आणून देणार होता. ती मला म्हणाली, "बाई, दोन आणायला सांगू, एक तुम्हाला, एक मला. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हीच निवडा दोन्ही."

मी तीन आठवडे शाळा सुटल्यावर स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसत होते. वीज गेली की रिक्षा स्टँडवर उभी राहायची, आली की परत आत. कोणता रेकॉर्डर साध्या सेलवर चालतो, कोणत्याला बाहेरचा चांगला माईक जोडता येतो, कोणता आवाज दाबून लहान न करता जसाच्या तसा ठेवतो, कोणत्याची स्वतःची खरखर कमी, हे सगळं मी वहीत उतरवून काढलं. शेवटी स्वतःसाठी एक अस्सल रेकॉर्डर निवडला. आवाजाची पातळी हातानं लावता येणारा, सेलवर दिवसभर चालणारा. त्याच्याबरोबर माईक, माईकवर वाऱ्यासाठी केसाळ टोपी आणि कान पुरते झाकणारे मोठे हेडफोन.

तिच्यासाठी निवडला तो साबणाच्या वडीएवढा, चकचकीत. त्यात आवाजाची पातळी यंत्र आपली आपण ठरवायचं. कुणी हळू बोललं की ते आवाज वर ओढायचं, कुणी मोठ्यानं गायलं की दाबायचं आणि सगळं शांत झालं की काहीतरी ऐकू यावं म्हणून शांततेलाच वर ओढत बसायचं. भाषणं टिपायला ठीक, पण गाण्याची त्यात माती होणार हे मला स्वच्छ कळत होतं. बॅटरी आतच, विजेवर चार्ज होणारी. आमच्याकडे तेव्हा वीज कधी आणि किती तास जाईल याचा भरवसा नव्हता आणि मनातून मी त्यावरही भिस्त ठेवून होते.

"तुम्हाला हाच बरा," मी म्हटलं. "बटण दाबलं की झालं."

"तुम्ही म्हणाल तो," ती म्हणाली. तिनं दुसऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या भाबडेपणाचाही मला राग आला.

लग्नाला तिला मी बोलावलं नव्हतं. काकीकडून तिचं नाव ऐकून मावशीनं परस्पर बोलावलं होतं.

हळदीच्या सकाळी मांडवात पाट मांडले, जात्याला आंब्याची पानं बांधली. मी स्टँडवर माईक लावला, केसाळ टोपी चढवली, हेडफोन घातले आणि दहा हातांवर खुर्ची टाकून बसले. बायका त्या टोपीकडे बघून हसत होत्या. मावशीनं पहिली ओळ सुरू केली. हेडफोनमधून तिचा श्वाससुद्धा इतका स्वच्छ येत होता की माझ्या अंगावर काटा आला. आणि मला वाटलं, हा आवाज एकटाच हवा, निर्मळ. मध्ये कुणाची किरकिर नको. म्हणून पहिली काकी ओळ झेलायला तोंड उघडणार, तोच मी ओठांवर बोट ठेवलं.

काकी गप्प झाली. मावशीनं दुसरी हाक मारली. मी पुन्हा बोट ठेवलं. वर्गात ठेवावं तसं. चौथ्या ओळीला मावशी थांबली.

"कोनी झेलतच नाय, तं मी म्हनू कोनाला?" ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसून पाणी मागितलं.

मी म्हटलं, "मावशी, तू म्हण ना एकटी, मागाहून जोडता येईल."

"गानं काय पाइप हाय जोडायला?" ती म्हणाली. सगळ्या हसल्या. बायकांत बसलेली आमची मराठीची बाईही हसली. तिची चकचकीत वडी तिच्या मांडीवर पदराखाली होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रेकॉर्डर उचलला आणि वाडीच्या टोकाला विहिरीपाशी जाऊन बसले. निदान त्या चार ओळी कशा आल्यात ते बघू म्हणून हेडफोन घालून त्या पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. सुरेख आल्या होत्या. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. हेडफोन काढले तेव्हा मांडवात जेवणाची गडबड सुरू होती, जातं भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि मावशी दमून खाटेवर आडवी झाली होती. काकी मला म्हणाली, "कुठं होतीस गं? आज मावशीनं सगळं म्हटलं, एकपन ओळ सोडली नाय."

मी त्या दिवशी जेवले नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर तिनं मला थांबवून घेतलं. कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. तिनं गाणं लावलं. मला वाटलं होतं तसंच झालं होतं. जात्याची घरघर, बांगड्या, कुणाचं तरी रडणारं मूल, मावशीचा आवाज कधी पुढे तर कधी घुसमटलेला. मी मनात एकेक दोष मोजत होते आणि, खोटं कशाला सांगू, मला थोडं बरं वाटत होतं. गाणं काकीकडून आत्येकडे, आत्येकडून वहिनीकडे जात होतं. मग मावशीनं बहिणीच्या लेकीला हाक मारली.

कुणी झेललं नाही. "ती इथं नाय," असं कुणीतरी म्हणालं. मावशीनं तीच अर्धी ओळ पुन्हा म्हटली आणि थांबली. जातंही थांबलं. ते यंत्र मग आवाज शोधत सुटलं. शांतता वर ओढू लागलं. आधी नुसती सूं सूं, मग पंख्याचा आवाज, मग मावशीची धाप, मोठी, आणखी मोठी, सगळी खोली भरून टाकेल एवढी. इतका वेळ ती माझ्यासाठी थांबली होती. नंतर एक बिचकलेला, सुराला चुकलेला आवाज आला आणि त्यानं माझी ओळ पुरी केली. तो हिचा होता.

"मला म्हणायचं नव्हतं हो," ती म्हणाली. "पण त्यांना फारच दम लागला होता. तुम्ही म्हणाल तर तेवढं काढून टाकू या."

"काढायचं कशाला," मी म्हटलं. "फाइल इथंच ठेवून जा. सवडीनं बघते."

मावशी पुढचा पावसाळा संपायच्या आत गेली. तोवर मी ती फाइल रोज ऐकत होते. माझा अस्सल रेकॉर्डर कपाटात होता. मला ते गाणं पाठ झालं, पहिल्या हाकेपासून शेवटच्या हाकेपर्यंत. ते कुणाच्या यंत्रातून पाठ केलं ते मी तिला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर आमच्या घरी लग्न निघालं ते चुलतबहिणीच्या मुलीचं. हळदीच्या सकाळी जात्याशी मी बसले. रिकाम्या हातांनी, यंत्रबिंत्र काही नाही. गाणं सुरू केलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दोनतीन हाका झाल्यावर काकीनं डोळे पुसत मला मध्येच विचारलं, "बाय, हे तू शिकलीस कुनाकडून?"

ती जात्याच्या पलीकडे बसली होती. माझ्या मुलखात, माझ्या मांडवात, खुंट्याला हात लावून.

"मावशीकडून," मी म्हटलं. "लहानपणी ऐकून ऐकून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं, मला तिच्यावर मनसोक्त चिडता आलं असतं. पण खाली मान घालून तिनं जातं फिरवायला सुरुवात केली. पुढची हाक कुणाची ते मला घाबरून आठवेना, आणि माझ्या तोंडून आली ती बहिणीच्या लेकीची. माझीच. ती मी स्वतःला कशी मारणार? मी अडकले.

तिनं ओळ झेलली.