एनिड ट्रोमन्सची चूक

आमच्या क्रॅडली हीथ गावात जुन्या मोटारसायकलीचा दिवा लागेनासा झाला की माणसं आधी देवाचं नाव घेत आणि मग एनिड ट्रोमन्सचं. त्यातली एनिड लवकर पावते, असा सगळ्यांचा अनुभव होता.

शाळा सुटली तशी ती वायरिंगच्या कारखान्यात लागली. लाकडी फळीवर खिळे ठोकलेले असत. त्यांच्यामधून रंगीत वायरी ओढायच्या, वरून कापडी पट्टी गुंडाळायची, की एका गाडीचं पूर्ण वायरिंग तयार. त्या खात्यात झाडून साऱ्या बायका. पुरुष इंजिनं जोडत आणि संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात छाती काढून बसत. पण त्या इंजिनात ठिणगी नेणारी वायर बायकांच्या हातची, हे कुणी बोलून दाखवत नसे. एनिड दाखवी, आणि तेही भर गुत्त्यात. कारखाना बंद पडला आणि फळ्या सरपणात निघाल्या, तेव्हा तिने दोन फळ्या बाबागाडीत घालून घरी आणल्या. बाबागाडीत मूल नव्हतं का, असं कुणी विचारलं तर म्हणे, "होतं की. फळीवर बसलं होतं."

तेव्हापासून तिच्या परसातल्या शेडमध्ये गाड्यांची रीघ लागली. ती माणसाचं नाव नंतर विचारी, आधी गाडीचं साल. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची असेल तर दिवे गेले तरी इंजिन चालत राहणार, कारण ठिणगीची सोय निराळी. त्यानंतरच्या काही सालांत बॅटरी मेली तरी किल्ली भलतीकडे फिरवून गाडी सुरू करता येई. पण किल्ली पुन्हा सरळ करायला विसरलात की थोड्या वेळाने इंजिन अडखळू लागे. लोक कार्ब्युरेटर खोलून बसत आणि एनिड नुसती किल्ली फिरवी. एका सालात वायरीचा निळा पट्टा गेला, दुसऱ्या सालात सहा व्होल्टचे बारा झाले. हे सगळं तिला नातेवाइकांच्या खोडींसारखं तोंडपाठ होतं. आणि त्या सगळ्या सालांत एक गोष्ट सारखी होती. इथल्या गाड्यांच्या बॅटरीची अधिक बाजू लोखंडी सांगाड्याला जोडलेली असे. पुढे साऱ्या जगाने वजा बाजू जोडायला घेतली. नवी माणसं सवयीने तेच करत, काहीतरी जाळून घेत आणि मग तोंड पाडून एनिडकडे येत.

"आधी बघायचं, मग जोडायचं," ती सुनावी. "गाडी बोलत नाही म्हणून तिच्या वतीने तुम्ही बोलायचं नसतं."

होरेस फोली हा तिचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांचीही सत्तरी उलटली होती, तरी तो तिला 'पोरी'च म्हणे. त्याची सहासष्ट सालची गाडी त्याने नवी कोरी घेतली होती आणि तिचं वायरिंग एनिडच्याच फळीवर झालं होतं. आता होरेसचा उजवा खुबा पार गेला होता. सोमवारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. पुढे मोटारसायकलचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून रविवारी गावातल्या मोटारसायकल-क्लबाबरोबर क्ली हिलच्या माथ्यापर्यंत शेवटचं जायचं, एवढंच त्याने मागितलं. बॅटरी तेवढी नवी घालून हवी होती.

शनिवारी दुपारी होरेस शेडमधल्या स्टुलावर डुकराच्या कातडीच्या कुरकुरीत तळलेल्या चकत्या खात बसला होता. एनिडने नवी बॅटरी जागेवर ठेवली आणि त्याच्याशी भांडता भांडताच अधिक बाजूची वायर सांगाड्याला आवळली. बघायचं काय त्यात? सहासष्ट साल, स्वतःच्या हातचं काम. तिने दुसरी वायर टेकवली मात्र, सीटखालून फस्सकन धूर आला आणि जळक्या रबराचा वास सुटला. तिने वायर ओढून काढली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बॅटरीला चार्ज पुरवणारा रेक्टिफायर काळाठिक्कर पडला होता. त्याआधी फ्यूज उडायला हवा होता, पण होरेसने कधीकाळी त्याच्यावर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून ठेवला होता.

एनिडने टॉर्च मारून नीट पाहिलं. सगळ्या जोडण्या उलट्या होत्या.

"होरेस, ही गाडी उलटी कुणी केली?"

होरेसच्या हातातली चकती तोंडाशीच थांबली. "अगं आई! रेडिओ! फुटबॉलची कॉमेंटरी ऐकायला टाकीवर रेडिओ बसवला होता. त्याला वजाच लागायची सांगाड्याला, म्हणून मीच सगळं फिरवलं. रेडिओ पहिल्या हिवाळ्यातच मेला. मी विसरूनच गेलो, पोरी. माझीच चूक."

"तुझी कसली? हात कुणाचा होता?"

"सांगायला नको मी?"

"बघायला नको मी? गावाला शहाणपण शिकवते आणि स्वतः डोळे मिटून जोडते! गप्प खा तू."

तसला रेक्टिफायर तिच्याकडे नव्हता आणि सोमवारपर्यंत मिळण्यातला नव्हता. ती उपड्या बादलीवर बसली. आयुष्यात शेकडो अनोळखी माणसांच्या गाड्या तिने मार्गी लावल्या होत्या आणि जाळली ती होरेसची, तीही आदल्या दिवशी. तिला रडू आलं. होरेसने तिच्यापुढे चकत्यांची पुडी धरली. तिने एक घेतली, चावली आणि चावता चावताच उठली.

"चार्ज गेला तर गेला. बॅटरी तर आहे ना? दिवे काढते, हॉर्न काढते, जळलेलं सगळं सोडवते. बॅटरीतली वीज नुसती ठिणगीला द्यायची. वाटेत एकदा बॅटरी बदलावी लागेल. चढायला पुरेल. उतरायचं माझ्याकडे मागू नकोस."

"उतरायला क्लबातल्या क्लाइव्हच्या भाच्याची व्हॅन सांगतो," होरेस म्हणाला.

रविवारी सकाळी क्लबाची मंडळी जमली. होरेसच्या गाडीचे दिवे कुठे गेले, असा गलका झाला. जुना भाग होता, दमला, एवढं म्हटलं असतं तरी कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. एनिडने डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि खणखणीत सांगितलं, "मी न बघता बॅटरी उलटी जोडली आणि जाळली. हसायचं त्यांनी आत्ता हसून घ्या, वाटेत थांबणार नाही." कुणी हसलं नाही. सायडकारवाला क्लाइव्ह वूलरिज हसणार होता, पण एनिड त्याच्याच सायडकारमध्ये बसायची होती. ती बसली आणि दुसरी भरलेली बॅटरी टॉवेलात गुंडाळून तिने मांडीवर घेतली. होरेसच्या खुब्याला झेपणार नाही, म्हणून त्याच्या गाडीची किक क्लाइव्हनेच मारून दिली.

ब्यूडली गावाच्या पुढे होरेसचं इंजिन ठेचकाळू लागलं, तसे सगळे रस्त्याकडेला थांबले. एनिडने बॅटरी बदलायला घेतली. एक वायर उचलली आणि हात तसाच थांबला. ज्या हाताला कधी विचार करावा लागला नव्हता, तो सगळ्यांसमोर थांबला. ती गुडघ्यावर बसली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "क्लाइव्ह, इकडे ये. मी कुठली कुठे लावते ते मोठ्याने बोल."

"मी? तुला सांगू?"

"डोळे आहेत ना तुला? मग बोल."

"वजा सांगाड्याला," क्लाइव्ह शाळेतल्या पोरासारखा म्हणाला. तिने वजा सांगाड्याला लावली. मला विचाराल तर आमच्या गावाने एनिडला मानलं ते तिच्या हाताच्या करामतीसाठी; मी मात्र तिला मानतो ते त्या रस्त्याकडेच्या गुडघ्यांसाठी.

क्ली हिलच्या माथ्यावर वारा मी म्हणत होता. मेंढ्या रस्त्यातच बसल्या होत्या. होरेस हळूहळू वर आला, कडेला थांबला आणि पाय जमिनीला टेकवले. इंजिन मंद चालू होतं. बाकीच्यांनी आपापल्या गाड्या बंद केल्या, चहाचे थर्मास आणि चीज-कांद्याचे पाव निघाले. होरेस मात्र सीटवरच होता, दोन्ही मुठी धरून.

"अरे, बंद कर की आता! बॅटरी खातेय ती," क्लाइव्ह ओरडला.

एनिडने त्याची बाही ओढली. "गप्प बस."

वीज फुकट गेलेली तिला कधी खपली नव्हती. घरात दुसरा बल्ब जळताना दिसला तरी तिचा जीव वरखाली होई. ती होरेसजवळ जाऊन उभी राहिली आणि तिने ती वीज जाऊ दिली. थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिने त्याच्यापुढे धरला. त्याने मूठ सोडली नाही, तेव्हा तो तिनेच त्याला पाजला.

बऱ्याच वेळाने इंजिनाचे ठोके चुकू लागले. एक सिलिंडर गप्प झाला, दुसरा थोडा वेळ एकटाच चालत राहिला. होरेसने तिच्याकडे पाहिलं. तिने मान डोलावली. मग तो सिलिंडरही थांबला आणि फक्त वारा ऐकू येऊ लागला.

"मी नाही हं बंद केली, पोरी," होरेस म्हणाला.

"नाही रे," एनिड म्हणाली. "तू नाही केलीस."