मुकादमाच्या पाठीवरून आलेलं घर

काशीराम भुवडांना किळस यायला फार काही लागत नसे. बर्फातला मासा नुसता बघितला तरी त्यांना मळमळायचं. लग्नात उभ्यानं जेवायची पद्धत आली तेव्हापासून त्यांनी लग्नात जेवणंच सोडून दिलं. शंभर माणसं एकाच डावानं वाढून घेणार, त्यातल्या कोणी मघाशी नाक शिंकरलं होतं हे कोण बघतो, असा त्यांचा रोकडा सवाल होता. एस.टी.त बसण्याआधी ते रुमालानं सीट झटकायचे, आणि मग त्या रुमालाचीच किळस येऊन तो दोन बोटांत धरून घरापर्यंत आणायचे. वाडीतले लोक पाठीमागं त्यांना 'नाकवाले' म्हणत. राजापूर तालुक्यातल्या त्या उतारावरच्या वाडीत एवढं नाक कोणालाच परवडणारं नव्हतं, पण काशीरामांनी ते जन्मभर सांभाळलं होतं.

आणि हाच माणूस रोज सकाळी घोड्याची लीद दोन्ही हातांनी गोळा करायचा.

घोडा तरी कसला, तट्टूच ते. करड्या रंगाचं, पोट सुटलेलं, एक कान जरा पडका. पण काशीरामांपुढे कोणी त्याला तट्टू म्हटलं तर त्या माणसाला त्या घरी पुन्हा चहा मिळत नसे. भुवडांची आंब्याची कलमं वर सड्याच्या कातळावर, घर मध्यावर आणि गाडीरस्ता पार खाली. मधे सगळी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची चढण. आंब्याच्या पेट्या डोक्यावरून उतरवताना माणसांच्या माना मोडायच्या, म्हणून काशीरामांनी घाटाखालच्या धनगरांकडून हे शिंगरू आणलं. पहिल्या दिवशी गडी आंबे उतरवत असताना ते बाजूला उभं राहून एकेकाकडं मान वळवून बघत राहिलं. जणू कोण काम करतो आणि कोण चुकवतो याची नोंद घेत होतं. गडी हसले आणि त्याचं नाव मुकादम पडलं.

मुकादमाच्या बाबतीत काशीरामांचं नाक पार बंद व्हायचं. त्याला खरारा करताना ते त्याच्या मानेला गाल लावून बोलत बसायचे, त्याची लाळ सदऱ्याला पुसायचे. मालनबाईंना याचा राग होता. आपल्या हातचा चहा बशीत सांडला तर हे बशी बदलून मागतात आणि घोड्याच्या तोंडातला गूळ पडला तर उचलून परत त्याला भरवतात, असं त्या विहिरीवर सगळ्या बायकांना सांगत. काशीरामांचं उत्तर ठरलेलं होतं. घोडा गवत खातो आणि हरभऱ्याची चंदी खातो, त्याच्या पोटात घाण जाईल कुठून? घाण माणसाच्या पोटात असते.

त्यांचा मुलगा रितेश मुंबईला एसी बसवणाऱ्या कंपनीत होता. कलमं एव्हाना खंडानं दिलेली होती, आणि सड्याच्या पलीकडून रस्ता झाल्यामुळे खंडकऱ्याचा माल तिकडूनच जायचा. रितेशच्या मनानं घेतलं की आता घरच कामाला लावायचं. जुनं घर नीट करायचं, चार खोल्या काढायच्या आणि पैसे देऊन राहणारे पाहुणे ठेवायचे. शहरातल्या लोकांना म्हणे अस्सल कोकणी घरात राहायचं असतं. काशीराम म्हणाले, मग हे काय अरबस्तानातलं घर आहे? चिऱ्याच्या भिंती, कौलं, पुढं खळं. अजून काय कोकणी पाहिजे?

पण रितेशचं कोकण निराळं होतं. कौलं उतरली आणि स्लॅब चढला. चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला, आणि तो वाळल्यावर त्याच्यावर चिऱ्याचं चित्र छापलेल्या फरश्या चिकटवल्या. काशीरामांनी एका फरशीवरून बोट फिरवलं आणि धोतराला पुसलं. आईच्या तोंडावर आईचाच फोटो चिकटवावा तसला तो प्रकार त्यांना वाटला. रितेश म्हणाला, ह्याला 'कोकणी लूक' म्हणतात. त्या शब्दाचीही काशीरामांना शिसारी आली.

संडासांचं तर विचारूच नये. चार खोल्यांना चार, आणि त्यातला एक बरोबर देवघराच्या भिंतीला लागून. अलीकडं देव, पलीकडं ते. काशीरामांनी देव उचलून ओटीवरच्या कोनाड्यात नेले आणि देवांची मनातल्या मनात माफी मागितली.

काम घेतलं होतं राजापूरच्या हर्षदनं. खालच्या रस्त्यावर टेम्पो आला की माल वर न्यायचा कसा हा प्रश्न पडला, आणि त्याची नजर गोठ्याकडं गेली. घरचाच घोडा आहे की, तो म्हणाला. त्या दिवसापासून मुकादमाच्या नशिबी रेती आली, सिमेंट आलं, फरश्यांचे खोके आले. काशीराम लगाम धरून पुढं चालायचे, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात ते द्यायला तयार नव्हते. अवघड वळणावर ते थांबायचे, मुकादमाला दम खाऊ द्यायचे आणि हर्षदच्या सात पिढ्या पुटपुटत उद्धरायचे.

एक दिवस कमोड आले. पांढरेशुभ्र, गवत भरून बांधलेले, एक मुकादमाच्या डाव्या अंगाला आणि एक उजव्या. नवरदेव निघावा तशी ती वरात पाखाडीवरून निघाली. सगळी वाडी दारात येऊन बघत होती, पोरं टाळ्या वाजवत होती. काशीरामांनी वर पोचल्यावर मुकादमाला मळ्यात नेलं, पाणी ओतून ओतून त्याच्या दोन्ही कुशी धुतल्या. नवे कोरे कमोड होते ते, कोणी बसलेलंही नव्हतं, असं मालनबाईंनी सांगून बघितलं. कोणीतरी बसणार तर आहे ना, काशीराम म्हणाले.

काम संपलं तेव्हा गोठ्याच्या जागी चौथी खोली उभी होती. मुकादम मागच्या परसात फणसाला बांधलेला असायचा. रितेश बायकोला घेऊन मुंबईहून आला, दोन दिवस घराचे फोटो काढत फिरला, आणि तिसऱ्या दिवशी त्यानं मुकादमाला देऊन टाकायचा विषय काढलाच. सूनबाई, मनस्वी, वाईट नव्हती. ती मुकादमाला स्वतःच्या हातानं गूळ द्यायची. पण माश्या होतात, वास येतो, पाहुणे एक दिवस राहून नावं ठेवून जातील, असं तिचंही म्हणणं पडलं. शिवाय आता त्याला कामही नाही.

"वास?" काशीराम म्हणाले. "त्या चार संडासांचा येत न्हाय तुमाला?"

"बाबा, त्याला खाली टाकी आहे," रितेश म्हणाला.

गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय. किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवणारा एक माणूस रितेशनं बघूनही ठेवला होता. काशीराम म्हणाले, घर माझ्या नावावर आहे, घोडा इथंच राहील. रितेश आवाज न चढवता म्हणाला की मग राहू दे, आम्हीच येत नाही, गणपतीलाही नाही. काशीरामांनी मालनबाईंकडं बघितलं. सारा जन्म चुलीपुढं वाकून त्यांचे गुडघे गेले होते आणि आता कुठं त्यांना उभ्यानं भाकरी भाजायला ओटा मिळाला होता. काशीराम मग बोलले नाहीत, आणि त्यांचं गप्प बसणं रितेशनं होकार म्हणून घेतलं. तो होकारच होता. मुलगा की घोडा, यात त्यांनी मुलगा घेतला, आणि घेतल्या क्षणापासून त्यांना स्वतःचा वीट आला.

किनाऱ्यावरचा माणूस टेम्पो घेऊन खालच्या रस्त्यावर आला. गॉगल, गळ्यात जाडी साखळी, गालात गुटखा. काशीराम मुकादमाला पाखाडीवरून खाली घेऊन आले, तेव्हा तो पचकन थुंकला, ओठाला लागलेलं बोटानं पुसलं आणि तेच बोट मुकादमाच्या तोंडात घालून दात बघितले. काशीरामांनी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन मुकादमाच्या ओठांवरून, हिरड्यांवरून तीन-चार वेळा फिरवलं. तो माणूस हसून बघत राहिला.

मुकादम टेम्पोत चढेना. फळी लावली, चंदी दाखवली, दोघांनी मागून रेटलं. त्यानं पाय रोवले आणि कान मागं टाकले. गुटखेवाल्यानं काठी घेतली, तेव्हा रितेश वडिलांजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबा, तुम्हीच जरा बघा ना. तुमचं ऐकतो तो."

काशीराम फळीवरून टेम्पोत चढले आणि म्हणाले, "चल रं मुकादम."

मुकादम चढला. पाखाडीच्या अवघड वळणावर त्यांच्या मागून जसा यायचा, तसाच आला. काशीरामांनी त्याच्या मानेला गाल लावला, दावं कडीला बांधलं आणि बाजूच्या फळकुटावरून खाली उतरले. टेम्पो सुरू झाला तरी मुकादम त्यांच्याकडंच बघत होता, आता पुढं काय काम आहे असं विचारल्यासारखा. तो खिंकाळला असता तर काशीरामांना बरं वाटलं असतं. घरी येऊन त्यांनी हात साबणानं धुतले, मग राखेनं घासले, मग चिंचेनं. त्या रात्री त्या हातानं त्यांना घास घेववेना.

वास्तुशांतीला मुंबईचे पाहुणे आले, वाडीतले सगळे आले. भटजींचं आटोपल्यावर देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं, आणि ते घालायचा मान गावात काशीरामांचाच. त्यांचा आवाजच तसा होता. खळ्यात नारळ-विडा मांडला, पुरुष मंडळी हात जोडून उभी राहिली, बायका दारात. कोणीतरी मोबाइल वर धरला.

"बा देवा म्हाराजा, माज्या लेकानं आज नवा घर बांदलान हाय. त्याला येश दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

"काय इडापिडा आसंल ती भायरच्या भायर जाऊ दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घराची रेती, शिमिट, फरशी मुकादमाच्या पाठीवरनं आली म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आनि काम सरल्यावर आमी त्यालाच घराभायर काढला म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला होकार द्यायची सवय, तसा तोंडातून निघून गेला. रितेशचाही गेला. मग माणसं एकमेकांकडं बघायला लागली आणि मोबाइल खाली आला.

"ज्या हातानं त्याला टेम्पोत चढवला, तो हात ह्यो." काशीरामांनी उजवा हात पुढं केला. या वेळी दोघा-तिघांनीच काहीतरी पुटपुटलं. रितेश, "बाबा, बस झालं," असं म्हणत पुढं आला.

गाऱ्हाण्याचा शेवट ठरलेला असतो. लेकरांचं चुकलंमाकलं पोटात घाल, असं देवाला सांगायचं आणि नारळ फोडायचा. काशीरामांनी नारळ उचलला.

"दरसाल सांगतांव, चुकला-माकला पोटात घाल. ही चूक मातर पोटात घालू नको म्हाराजा. तुलापन वकारी व्हईल."

खळ्यातून होकार आला नाही. गाऱ्हाण्याला होकार पुरुषांनी द्यायचा असतो, बायका देत नाहीत. पण नव्या ओट्याच्या खिडकीतून मालनबाईंचा एकटीचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."