मंडीदीपच्या बंदरात अडकलेली पेटी

भोपाळजवळ समुद्र नाही, पण बंदर आहे, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. तेही भांडायला जायचं ठरलं म्हणून.

माझे ब्लाउज शिवणारी शबाना जरीचे बटवेही करते. तिला पहिल्यांदाच परदेशातून, थेट मोंबासाहून, ऑर्डर आली होती. लग्नसराईआधी माल पोचला तरच पुढची ऑर्डर मिळणार, आणि माल तीन दिवस मंडीदीपच्या ड्राय पोर्टमध्ये, म्हणजे कोरड्या बंदरात, पडून. मी शाळेत नन्सनी घोटून घेतलेल्या इंग्रजीत दोन पानी तक्रार लिहिली आणि शबानाला म्हटलं, चल.

अरेरा कॉलनीतून जाणार असाल तर बसने जा. रिक्षावाल्याने सहाशे सांगितले. बसने दोघींचे ऐंशी झाले. मिसरोदपर्यंत रस्ता बरा, पुढे ट्रकच ट्रक. फाटकाबाहेरच्या टपरीवर समोसा चांगला, चहा म्हणजे पाक. ओळखपत्र आणि छत्री न्या, आत सावली नाही.

आत बंदरासारखं काहीच नाही. रूळ, क्रेन आणि एकावर एक रचलेले कंटेनर. एका तरुण अधिकाऱ्याने नकाशा दाखवला. माल रेल्वेने गुजरातच्या बंदरात, तिथून जहाजाने कोलंबोला, तिथे उतरवून दुसऱ्या जहाजाने मोंबासाला.

"अफ्रीका पश्चिम में है," मी म्हटलं. "आप दक्षिण क्यों भेजते हैं?"

"अकेले हमारे माल से जहाज नहीं भरता, मैडम. सब देशों का थोड़ा-थोड़ा वहाँ जमा होता है, तब भरता है."

"ये किसने तय किया?"

"सबने मिलकर."

सगळ्यांनी मिळून ठरवलेली वाट इतकी वाकडी कशी, हे मला अजून कळलेलं नाही.

कंटेनरही शबाना एकटीचा नव्हता. चौघांचा माल एकात. एकाचा अडला की चौघांचा अडतो. गोविंदपुऱ्यातून पंपांचे सुटे भाग पाठवणारे सक्सेनाजी तीन दिवस हेलपाटे घालत होते.

"किसी महान आत्मा ने लकड़ी की पेटी भेजी है, बिना मोहर की," ते म्हणाले. मी सहानुभूतीने मान हलवली. असतात असे लोक.

लाकडातून कीड परदेशी जाते, म्हणून ते तापवून शिक्का मारावा लागतो. हेही म्हणे सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय. अधिकाऱ्याने पेटी दाखवली. आंब्याचं लाकूड, पितळी कोपरे. पुठ्ठ्याच्या खोक्यातून परदेशी माल पाठवायची मलाच लाज वाटली होती, म्हणून अशोका गार्डनच्या सुताराकडून मी ती करवून घेतली होती.

"किसने बनवाई?" अधिकाऱ्याने विचारलं.

शबाना जमिनीकडे बघत राहिली. माझं नाव घेतलं नाही तिने.

"मैंने," मी म्हटलं.

सक्सेनाजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "पेटी खूबसूरत है, बहनजी." मग जाऊन आपली रिकामी पुठ्ठ्याची खोकी घेऊन आले. कंटेनर चार वाजता बंद होणार होता. अधिकाऱ्याने बटवे पुन्हा बांधायची परवानगी दिली आणि तो चिडलेला माणूस आमच्याबरोबर जमिनीवर फतकल मारून बसला. हा परोपकार की स्वतःच्या पंपांची काळजी, मला ठरवता आलं नाही. पावणेचारला शेवटची चिकटपट्टी लागली.

बटवे वेळेत पोचले. पेटी माझ्या बाल्कनीत आहे, कांदे ठेवते त्यात. परवा शबाना दुसऱ्या ऑर्डरचं सांगायला आली.

"इस बार पैकिंग मैं देख लूँगी, आंटी," चहात बिस्किट बुडवत ती म्हणाली.

तक्रारीचं पत्र अजून पर्समध्ये आहे. इंग्रजीत एकही चूक नाही. फक्त ते कोणाला पाठवायचं, तेवढं कळत नाही.