तिसऱ्या अंकातला मुलगा

बाबा आज सकाळी गेले आणि मला अजून रडू आलेलं नाही.

फोन येतायत. मी "हो, हो, शांतपणे गेले" म्हणतेय. सगळ्यांसाठी चहासुद्धा केला.

तुम्हा बऱ्याच जणांना बाबा बँकेतले म्हणून माहीत. पण नव्वदच्या दशकात, आम्ही सुरतला उधन्यात राहायचो तेव्हा, तिथल्या मराठी मंडळाची नाटकं तेच बसवायचे.

बापाचं काम कायम त्यांचं. मुलाचं काम माझ्या दादाचं. मी विंगेत, प्रॉम्प्टर.

बाबा म्हणायचे, "जुन्या नाटकातला मुलगा बापाच्या शब्दासाठी वनात जातो. हल्लीचा वेगळा फ्लॅट घेऊन जातो. बाप दोन्हीकडे घरात बसलेला."

एका वर्षी दादाने सांगितलं, लग्न करीन तर हेतलशीच. त्याच्या ऑफिसातली गुजराती मुलगी.

बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

घरात निरोप माझ्यामार्फत. "त्याला सांग, पाणी भरून ठेव."

तालमीत मात्र दोघं समोरासमोर. तेवढंच त्यांचं बोलणं. तेही दुसऱ्या कुणी लिहिलेलं.

प्रयोगाला हॉल भरला होता. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाप मुलाला घराबाहेर काढतो. बाबांनी वाक्य बरोबर घेतलं.

"या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस."

मग थांबले. आणि म्हणाले, "त्या मुलीलाही सांग."

मी स्क्रिप्टवर बोट ठेवून बघत राहिले. नाटकात मुलगीच नव्हती.

दादा क्षणभर उभा राहिला. मग ठरल्याप्रमाणे दारातून बाहेर पडला. माझ्या शेजारून गेला. मेकअपसकट, मागच्या दाराने, थेट रस्त्यावर.

तिसऱ्या अंकात मुलगा परत येतो. दाराबाहेरून माफी मागतो. बाप दार उघडून त्याला जवळ घेतो. पडदा.

मी म्हटलं, "बाबा, दादा नाहीये. अनाउन्स करायचं का?"

"पडदा उघडायला सांग."

दार मीच वाजवलं. दादाची वाक्यं विंगेतून मीच म्हटली, जमेल तेवढ्या जाड आवाजात. बाबा उत्तरं देत गेले. एक शब्द चुकला नाही.

मग त्यांनी दार उघडलं.

समोर मी. हातात स्क्रिप्ट.

ते माझ्या मागे बघत होते. बघतच राहिले. शेवटी कुणीतरी पडदा पाडला.

टाळ्या थांबेनात. एक गुजराती काका आत येऊन म्हणाले, "बहु सरस, साहेब!"

बाबा रंग न पुसता खुर्चीत बसलेले. मला एवढंच विचारलं, "सुहास कुठे गेला असेल गं?"

दादा कामरेजला मित्राकडे गेला होता. तो परत राहायला आलाच नाही. लग्न केलं, बारडोलीला घर केलं. बाबा लग्नाला गेले नाहीत.

पुढे येणं-जाणं सुरू झालं. बाबांची औषधं हेतलवहिनीच बघायची. पण बाप-लेक बोलायचे ते क्रिकेटवर, नाहीतर गाडीच्या सर्व्हिसिंगवर.

त्या प्रयोगाबद्दल कधीच नाही. बाबांनी पुन्हा नाटक केलं नाही.

आज स्मशानातून आल्यावर दादा पायरीवर बसला होता. अचानक म्हणाला, "तेव्हा तिसरा अंक रद्द केला असेल ना तुम्ही?"

इतकी वर्षं तो तसंच समजत होता.

"नाही. झाला."

"आणि माझं काम?"

"वाक्यं मी म्हटली. बाबांनी दार उघडलं."

"मग?"

"मग तुला शोधत होते."

तो उठून आत गेला, दिव्यात तेल घातलं, आणि भिंतीला टेकून तिथेच बसला. अजून बसलाय.

बाबा, दादा आज घरीच थांबलाय.
तुम्ही निवांत जा.