वेणूची राहून गेलेली तीट

पनवेलच्या खाडीकाठच्या शाळेत गुणाबाई घंटा वाजवी, पाणी भरी आणि साऱ्या पोरांवर ओरडे. तिच्या तोंडाचा पट्टा सुटला की गुरुजीसुद्धा वहीत मान घालत. वर्षातून एकदा मात्र ती मऊ व्हायची. चिंचेखाली शाळेचा फोटो निघे, त्या दिवशी काजळाची डबी घेऊन साठ-सत्तर पोरांच्या गालांना तीट लावत फिरायची. मग बघायला जमलेल्या आयांना दम द्यायची, "आता कुनी हाक मारायची नाय. तोंडाला कुलूप घाला!" नवे मास्तर हसत. जुने हसत नसत, त्यांना ठाऊक होतं.

एक्कावन्न साली गुणाबाई मिठागरात टोपल्या वाहायची. त्या साली शाळेचा पहिला फोटो निघाला. तिची एकुलती एक वेणू, सहा वर्षांची, पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेली. बाजारातून आलेल्या फोटोवाल्यानं डोक्यावर काळं कापड घेतलं, मग बाहेर येऊन "हलू नका" म्हणाला, आणि तेव्हा गुणाबाईच्या ध्यानात आलं. तीट राहिली! एवढी मोठी काचेची नजर पोरीवर रोखलेली आणि गाल मोकळा!

"वेणूऽऽ!" ती ओरडली. वेणू वळली.

फोटोत सारी पोरं स्वच्छ आली. वेणूच्या चेहऱ्याच्या जागी तेवढा धुरकट डाग. "पुढल्या साली नीट काढू," गुणाबाई म्हणाली. पुढलं साल वेणूला दिसलंच नाही. शिमग्यात गोवर निघाला आणि चार दिवसांत पोर गेली. कुणी म्हणालं दैव, कुणी म्हणालं हाक मारली हा मूर्खपणा. म्हणणाऱ्यांचं काय जातं! आईचा जीव वेळकाळ बघून घाबरत नाही.

तिनं मिठागर सोडलं आणि शाळेतलं काम धरलं, कारण फोटो शाळेच्या भिंतीवर होता. रोज झाडलोट झाली की ती त्याची काच पुसायची. दरसाल फोटोवाल्याला विचारायची, "भाऊ, ह्यो डाग निघंल का?" तो नाही म्हणून मान हलवायचा.

बासष्ट साली तो आपण होऊनच म्हणाला, "बाई, मुंबईत एक चित्रकार आहे. फोटोवर हातानं चेहरा काढून देतो. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. नाक कसं होतं? डोळे कसे होते?"

अकरा वर्षं जे मागितलं ते दारात येऊन उभं राहिलं होतं. गुणाबाईनं काजळाचे हात पदराला पुसले. समोर पोरं रांगेत चुळबुळत होती. तिनं एकीचं नाक पाहिलं, दुसरीचे डोळे पाहिले, पुन्हा पहिलीकडे पाहिलं. फोटोवाला पेन्सिल धरून थांबला होता.

"नाक..." ती म्हणाली आणि रांगेतल्या एका पोरीच्या नाकावरून बोट फिरवून पाहिलं.

मग ती म्हणाली, "येवढंच लिवा, भाऊ. हाक मारली का लगीच वळायची."