आज मी एका मुलीला बळजबरीनं दूध पाजलं

मैत्रिणींनो, हे लिहायची लाज वाटतेय, तरी लिहिते.

आमचा महिला गट दर शनिवारी बजाजनगरजवळच्या एका झेडपी शाळेत मुलांना दूध देतो. आज सकाळी मी ग्लास भरत होते. दुसरीतली एक मुलगी ग्लास घेऊन नुसतीच उभी होती.

"मला नको," ती हळूच म्हणाली.

मला रागच आला. पहाटे उठून एवढं दूध तापवलं होतं. म्हटलं, "मिळतंय तर नखरे कशाला? पी गुपचूप." ती ग्लास संपवेपर्यंत मी समोरून हलले नाही.

थोड्याच वेळात तिला उलटी झाली. सगळा फ्रॉक भरला. पोरं हसायला लागली.

वर्गाच्या बाई धावत आल्या. "ताई, तिला दूध पचत नाय. मागं पण पोट लई दुखलं होतं तिचं. तुम्हाला सांगायचं राहिलं बघा."

तोवर त्या पोरीनंच फडकं आणून फरशी पुसायला घेतली होती. मी फडकं मागितलं, तर म्हणाली, "रागवू नका मावशी. पुढच्या शनिवारी सगळं पिते."

मी तिची माफी मागितली. ती खाली बघून नुसती मान हलवत राहिली.

माझ्या मुलीलाही दूध आवडत नाही. तिला मी कधी जबरदस्ती केली नाही.

पुढच्या वेळी केळी नेणार आहे. पण मला बघून ती परत घाबरली, तर काय करू?